पोथीतली गाळलेली पानं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, नवऱ्यालाही नाही. आईला जाऊन थोडेच दिवस झालेत, आणि भेटायला येणारा जो तो मला तेच ऐकवतो — लेकीनं शेवटच्या श्रावणात सगळी पोथी वाचून दाखवली, नशीबवान बाई. मी मान खाली घालते. लोकांना ते दुःख वाटतं.

सगळी पोथी — कुठून सांगू?

आईची नजर काचबिंदूनं गेली होती. श्रावणातली पोथी ती दरवर्षी स्वतः वाचायची. यंदा मी वाचेन म्हणून संगमनेरहून गावी जाऊन राहिले. तिच्या पोथीतली अक्षरं बारीक, पानं पिवळी पडलेली. माझ्याकडे एक स्वस्तातला टॅब होता. व्हिडिओ अडकायचे त्यावर, पण वाचायला बरा. त्यात पोथी उतरवून घेतली, अक्षरं मोठी केली. पहिल्या दिवशी आईनं चाचपडत त्याला हळदकुंकू लावलं.

"काचंवर चालंल ना गं? न्हाईतर बंद पडायचं तुझं यंत्र, आन् नाव देवावर."

आम्ही दोघी हसलो.

कागदाची पोथी असती तर तिनं हात फिरवून पाहिलं असतं — किती पानं झाली, किती राहिली. टॅबवर हाताला काहीच कळत नाही. हे माझ्या फार लवकर लक्षात आलं.

त्याच टॅबवर माझी एक कादंबरी वाचायची अर्धी राहिली होती; पोथी लवकर आटोपली की ती उघडता यायची. बस, एवढंच. स्वयंपाक वहिनी करायची, मला दुसरं काम नव्हतं. आधी चार ओव्या गाळल्या. मग एक पान. मग अख्खा अध्याय. आवाज तोच ठेवायचा, सूर तुटू द्यायचा नाही — जमतं. किती सहज जमतं!

एका दुपारी तिनं मला थांबवलं. "मधी ती राणी वनात जाती, ते कुठं गेलं गं?"

तेव्हा सांगता आलं असतं, नाही का? मागं जाऊन वाचताही आलं असतं — एका बोटाचं काम. मी म्हणाले, "ते झालं की, आई. तुझा डोळा लागला होता."

मग तिनं स्वतःच्या दोन्ही गालांवर मारून घेतलं — हळू नाही. "पोथीत झोपले मी? आजवर कधी न्हाई झालं असं…"

तिच्या मणक्याचं दुखणं जुनं. लोडाला टेकूनच बसा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी मी खोलीत आले तर लोड कोपऱ्यात सारलेला, आणि आई पाटावर ताठ बसलेली. ओठांवर घाम.

"अहो आई, लोड घ्या बरं," वहिनी म्हणाली.

"न्हाई. टेकलं की डोळा लागतो. पोरगी घसा कोरडा करती, आन् मी काय घोरू?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तरी सांगा की, ताई."

मी टॅब उघडला. वाचायला लागले.

त्या दिवशीही मी दोन अध्याय गाळले. आईला काही दिसत नव्हतं, तरी वाचन संपेपर्यंत तिनं डोळे मिटले नाहीत.