वरच्या मजल्यावरची गौरी

"मुलगा चाकणच्या कंपनीत पर्मनंट होऊ दे, मार्गशीर्षात सात बायका जेवू घालीन," असा नवस मी एकदा बोलले होते. तो फेडताना गौरीची खरी ओळख झाली. तेव्हापासून किस्से असे साठलेत, की आमच्या थेरगावच्या बिल्डिंगमध्ये चहा गार होतो पण ते संपत नाहीत.

झालं काय, पानं मांडली आणि सातवी ऐनवेळी आलीच नाही. तेवढ्यात वरच्या खोलीतली भाडेकरू गौरी ओव्हरटाइम करून जिना चढत होती. मुलगा म्हणून जन्मली, बाई म्हणून जगते, हे सगळ्यांना ठाऊक. मी तिला हाक मारली.

शेजारच्या शिंदेकाकू कुजबुजल्या, "अहो, ही चालेल का देवीला? आमच्या लहानपणी अशी माणसं दिसली की दारं लावून घ्यायचे!"

"मी देवीला सात बायका बोललेय काकू. जास्त तपशील दिला नव्हता!"

गौरीनं नऊ पुरणपोळ्या खाल्ल्या. वाढत होत्या शिंदेकाकूच! शेवटी म्हणाल्या, "देवी म्हणेल, सात सांगितल्या नि आठ जेवल्या! ही एकटीच दोघींचं जेवली!"

हात धुताना गौरी हळूच मला म्हणाली, "काकू, पुरण अगदी आईसारखं झालंय. दहा वर्षं झाली, ती बोलत नाही माझ्याशी."

*

खालच्या गॅरेजवाल्यांच्या शबानाभाभी नातवाला घेऊन गौरीकडे गेल्या. "गौरी, इसको दुआ दे दे."

गौरी कंपनीत क्वालिटीला. तिनं बाळ चहूबाजूंनी तपासलं. "भाभी, दुआ का डिपार्टमेंट अलग है. मैं इन्स्पेक्शन में हूँ. पीस ओके!"

आता बिल्डिंगमधलं प्रत्येक बाळ आधी गौरीकडून पास होतं, मग देवळात नाहीतर दर्ग्यात जातं.

*

कंपनीच्या बसमध्ये सुरुवातीला तिच्या शेजारी कुणी बसायचं नाही. आता बायका रुमाल टाकून ती जागा अडवतात. गौरीची तक्रार ऐका: "पहिलं वर्षभर दोन सीटवर पाय पसरून झोपायचे, काकू. सगळ्या मैत्रिणी झाल्या नि झोप गेली!"

*

कागदपत्रांवर नवं नाव लावायला गौरी पूर्वी एकदा सरकारी ऑफिसात गेली, तेव्हा तिला हसून परत पाठवलं होतं. या वेळी कायद्यानं मिळालेलं ओळखपत्र हातात होतं. साहेबांनी मानही वर केली नाही. "मॅडम, फोटोत कान दिसत नाहीत. दुसरा आणा. वाचून येत जा जरा!"

गौरीनं बिल्डिंगभर पेढे वाटले.

"अगं, काम झालं का?"

"काम कुठलं! साहेब ओरडले. सगळ्यांना ओरडतात ना, तस्सेच!"

*

पुढच्या मार्गशीर्षात पुन्हा बायका जेवायला बोलावल्या, तेव्हा मी गौरीला न सांगता तिच्या आईला बीडकडच्या गावी फोन लावला. "आमच्याकडे जेवायला या. गौरीही असेल."

त्यांनी दोनदा तारीख विचारली. मग, "येते. पर मला बोलायचा आग्रह करू नका."

आल्या. भिंतीला टेकून, जमिनीकडे बघत बसल्या. गौरी त्यांना वाढायला वाकली. वरण ताटाबाहेर सांडलं. मी मनातल्या मनात देवीचं नाव घेत होते.

आई एकदम उठल्या.

"आगं, पदर खोच की आधी! ताटात लोळायलाय! एवढी मोठी झालीस, काई कळतच न्हाई!"

आणि स्वतःच तो गौरीच्या कमरेला घट्ट खोचून दिला.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी आई असेल. तिला एक फोन करा. जेवायला बोलवा.