नाताळच्या बोकडाचे वाटे

"एक दिवस आपल्या माणसाकडं पाह्यलं त काय आभाळ कोसळते?"

"अवं, पाठ फिरवून नावं घेतो मी. पाहू कसं?"

"मले शिकवू नका. इवाई पहिल्यांदा नाताळले आले. त्याइले कलेजी आवडते. आज खूश झाले त बेबीचं नर्सिंग पक्कं. नाही त बसते पोरगी चुलीपाशी!"

दुर्गाबाईने पदर खोचला. इंद्रभान अंगणात आला.

जऊळक्याजवळच्या त्या वस्तीत ख्रिस्ती घरं अकरा. नाताळला सगळे मिळून एक बोकड घेत आणि पळसाच्या पानांवर त्याचे अकरा वाटे लावत. मंडळीचा वडील, म्हणजे चर्चचा निवडलेला पुढारी, पाठ करून उभा राही. मागून कोणी एका वाट्यावर काडी टेकवून विचारी, "हा कोणाचा?" वडील नाव घेई. पानात जे येईल ते त्या घराचं.

चौऱ्याहत्तर साली वडील होता इंद्रभान. वांगी-मेथी पिकवून बाजारात विकणारा माणूस. त्याचा बैल एकदा शेजाऱ्याच्या मक्यात शिरला, तर यानेच त्याला कोंडवाड्यात नेऊन बांधला आणि सोडवायला बायकोला पाठवलं! दुर्गाबाई ते अजून विसरली नव्हती. रविवारी बायबलातला मोशेने नेमलेल्या न्यायाधीशांचा भाग वाचताना त्याचा आवाज चढे. लहानाचं आणि मोठ्याचं सारखंच ऐकायचं, तोंड पाहून निवाडा करायचा नाही. वर स्वतःचं जोडी, "अन् गरिबाचीबी भीड नाही बरं!"

म्हणूनच म्हातारी गोजराबाई जेव्हा म्हणाली, "मी एकटी जीव रे, मले मऊ मऊ दे," तेव्हा तो म्हणाला, "मावशी, माह्या घरून वाटीभर ने. या पानाइतलं मात्र नाही."

व्याही शालिकराम, म्हणजे बेबीचे सासरे, ओट्यावर पाय हलवत बसले होते. एस.टी.चे कंडक्टर, रजेवरही छाती पुढे.

काडी ग्यानबाच्या हातात होती. दोन वाटे गेले. तिसऱ्यावर काडी टेकवताना ग्यानबा खोकला. एकदा. मग जरा ठसक्यात. दुर्गाबाई एकाएकी चूल फुंकू लागली.

"हा कोणाचा?"

 इंद्रभानच्या जिभेवर स्वतःचंच नाव आलेलं. बेबी दारात उभी होती, तिचा चेहरा त्याला समोरच दिसत होता.

"ग्यानबा, खोकला कवापासून झाला रे?"

"आत्ताच, दादा."

"मंग बाजूले हो, औषध घे. पोरीहो, पानं सरकवा इकडची तिकडं. गोजरामावशी, काडी धर."

सगळं अंगण हसलं. ग्यानबाला तर खराच ठसका लागला. कलेजी गेली भागिरथाच्या घरी. इंद्रभानच्या पानात खूर, नळ्या आणि एक फासळी.

जेवताना शालिकरामांनी नळी ताटावर आपटली.

"इवाई, खोकला ऐकू आलता ना?"

"आलता."

"आमी एस.टी.त आपल्या माणसाले शीट धरतो."

"म्हणून त मी तुमच्या गाडीत उभा येतो!"

शालिकरामांना हसू आलं, ते त्यांनी रश्शाबरोबर गिळलं. "मंग पोरीसाठी एवढंबी नाही केलं?"

"बोकड मंडळीचा, इवाई. पोरगी माही. पोरीसाठी मंडळीच्या पानात हात कसा घालू? तुमच्याजवळ सरळच मांगतो. बेबीले नर्सिंगले जाऊ द्या. तिचं डोकं चालते. तीन वर्साइचा सवाल हाये. नाही म्हणसान त आज तोंडावर नाही म्हना."

दुर्गाबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. "अवो, हे असं मांगतेत का कोणी?"

शालिकरामांनी नळी शेवटपर्यंत ओढली, हात धुतले, रुमालाने मिशा पुसल्या.

"इवाई, बोला ना काहीतरी," दुर्गाबाई म्हणाली.

त्यांनी टोपी उचलली आणि मागच्या दाराने, बेबी भांडी घासत होती त्या बाजूला, तिलाच विचारायला गेले.