उसनं सुतक

कळंबोलीला आम्ही राहायला गेलो तेव्हा तिथल्या हवेला लोखंडाचा वास होता. लोखंडबाजारातल्या ट्रकांवरून उडणारा गंज, भिंतींचं अजून न वाळलेलं प्लास्टर, आणि संध्याकाळी वारा फिरला की खाडीच्या चिखलाचा खारट, किंचित कुजका, पण मला का कोण जाणे धीर देणारा वास. तळोज्याच्या कारखान्यांचा आंबूस धूर त्यात मिसळत असे. नवरा तिथेच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता. त्याच्या सदऱ्यांनाही तो वास येई. इमारती नव्या होत्या, झाडं कमरेएवढी, मोकळ्या प्लॉटांवर पुरुषभर गवत आणि त्यात बगळे. माणसंही एकमेकांना नवी होती. त्या नवेपणासाठीच आम्ही तिथे गेलो होतो.

त्याआधी आम्ही गिरगावातल्या चाळीत राहत असू. नवऱ्याच्या मानेत पहिल्यांदा कर्करोगाची गाठ निघाली ती तिथे. किरणांच्या उपचारांनी ती विरली. मागे उरला फक्त तांबूस, तुकतुकीत कातडीचा एक चौकोन. पण भेटायला येणारी माणसं मोसंबी टेबलावर ठेवत आणि बोलता बोलता त्या चौकोनाकडे पाहत. दाराशी पोहोचली की त्यांचे आवाज उतरत. एका काकूंनी आमच्या घरचं पाणी पिणंही सोडलं. त्याला दुखणं सोसवलं होतं, ते उतरलेले आवाज सोसवले नाहीत.

सासरे तेव्हा मालवणकडच्या गावाहून येऊन त्याच्या उशाशी बसून राहिले होते. सासूबाई जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. सासऱ्यांचं जे काही होतं ते हा एक मुलगा आणि घरामागची माडांची रांग. कुणालाही न विचारता त्यांनी परस्पर देवाशी बोलणी केली आणि मासे सोडले. लाटांच्या आवाजात जन्मलेला तो माणूस कित्येक महिने वरणभात जेवला. मुलगा बरा झाल्यावर पहिल्या बांगड्याचा घास घेताना त्यांनी डोळे मिटले होते, ते मला अजून दिसतं.

कळंबोलीतली पहिली वर्षं सुखाची गेली. मी पनवेलच्या शाळेत मराठी शिकवीत असे. संध्याकाळी आम्ही दोघं खाडीच्या बाजूला फिरायला जात असू. तो पाण्याचा रंग सांगे आणि मी त्याला नाव शोधून देई: शिशाचा, जांभळीच्या सालीचा, शिळ्या चहाचा. माझी विशेषणं फार महागडी असतात, असं तो म्हणायचा.

त्या वर्षी नरकचतुर्दशीच्या पहाटे मी त्याला तेल लावत होते. मोरी उटण्याच्या वासाने भरली होती, बाहेर कुठे तरी पहिले फटाके वाजत होते, आणि कोमट तेलाखाली त्याचे खांदे गुळगुळीत लागत होते. गळ्याच्या हाडाच्या वरच्या खोबणीत माझी बोटं थांबली. हाताला ते आधी कळलं, मला नंतर.

"लागली का हाताला?" त्याने मागे न वळता विचारलं. त्याला आधीच कळलं होतं. दिवाळी पार पडायची तो वाट पाहत होता.

दुसऱ्या खांद्याला तेल लावलं, मग पाठीला. पाणी तापलं होतं.

या वेळी किरणं पुरणार नव्हती. शिरेतून औषधं द्यावी लागणार होती, दर काही आठवड्यांनी, मुंबईच्या इस्पितळात राहून. तो तयार होता, पण त्याची एक अट होती. इथे कुणाला सांगायचं नाही, आणि बाबांना तर नाहीच. मी वाद घालून पाहिला. तो म्हणाला, "एकदा त्यांनी माझ्यासाठी मासे सोडले. आता सोडायला त्यांच्याकडे काय राहिलंय?"

मग आमचं दार बंद झालं. मी शाळेत काही तरी कारण सांगायची, जिन्यात कुणी भेटलं की हसायची. त्याच्या तोंडाला सतत पितळेची चव असे. भात त्याला ओल्या पिठासारखा लागे. फोडणीच्या वासाने त्याला उमळून येई, म्हणून मी हिंग-मोहरी डब्यात बंद करून ठेवली. बिनफोडणीचं घर कसं असतं ते तेव्हा मला कळलं. तिन्हीसांजेला साऱ्या इमारतीतून चरचर ऐकू येई आणि आमच्या स्वयंपाकघरात फक्त पंखा फिरत असे.

दुसऱ्या वेळी इस्पितळातून परतताना त्याचे केस हाताबरोबर येऊ लागले होते. रिक्षातून उतरल्यावर तो वसाहतीच्या तोंडाशी असलेल्या सलूनकडे वळला. घरी उशीवर नकोत ते, एवढंच म्हणाला. मी पिशवी घेऊन बाकावर बसले. न्हाव्याने अर्ध्या डोक्यावरून वस्तरा फिरवला आणि विचारलं, "मिशी?" मिशीही विरळ झाली होती. नवऱ्याने मान डोलावली. न्हाव्याने हात लांब करून रेडिओ बंद केला आणि पुढचं काम त्याने एक शब्द न बोलता केलं. त्या शांततेचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

तो लागला जिन्यात. समोरच्या दारातल्या वहिनी साताऱ्याकडच्या, आवाजाने आणि मनाने दणकट. आमच्या घराला चार दिवस कुलूप होतं, हातात पिशव्या होत्या, नवऱ्याच्या डोक्यावर केस नव्हते आणि ओठावर मिशी नव्हती. त्यांनी एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"वडील?" त्यांनी विचारलं.

नवऱ्याने खाली पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. आणि आमच्या दोघांच्या गप्प राहण्यातून माझे सासरे, जे त्या क्षणी बहुधा माडांना पाणी लावत असतील, कळंबोलीत वारले.

"चूल पेटवू नका वहिनी," त्या मला म्हणाल्या. "दहा दिवस आमच्याकडनं येईल."

दार लावल्यावर तो भिंतीला टेकून हसायला लागला. कित्येक आठवड्यांत मी ते हसू ऐकलं नव्हतं. हसता हसता खाली बसला आणि म्हणाला की बाबांना हे आवडलं असतं. मग आपण काय बोललो ते ऐकून त्याचं हसू थांबलं.

पिठलं-भाकरी आली. झाकण काढताच लसणीचा वास खोलीभर झाला आणि मी धास्तावून त्याच्याकडे पाहिलं. पण तो उठला नाही. परक्या चुलीवरच्या फोडणीचा वास त्याला चालत होता. का, ते मला कधी समजलं नाही. त्याने चतकोर भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरून मऊ भात आला, तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरून. सुतक पाळणाऱ्या घराला जे द्यायचं ते सगळं त्या नव्या, एकमेकांना धड न ओळखणाऱ्या इमारतीने आम्हाला दिलं, आणि आम्ही ते घेतलं. विशेष म्हणजे कुणी आवाज उतरवून बोललं नाही. बाप सगळ्यांचाच जातो. त्यात टक लावून पाहण्यासारखं काही नसतं. आजाऱ्याला जे मिळालं नव्हतं ते पोरक्याला मिळालं.

फक्त एक अडचण झाली. त्याला मासळीची इच्छा होई. तेवढीच चव त्या पितळेवर मात करी. पण खाडीकाठच्या गावातून टोपली घेऊन येणारी म्हातारी आमच्या दारावरून न थांबता पुढे जाऊ लागली. मी हाक मारली तर लांबूनच म्हणाली, "तुमच्यान सुतक हाय ना गो." आणि ओल्या टोपलीचा वास जिन्यात मागे ठेवून निघून गेली.

सुतकाचे दिवस सरले, डबे थांबले. पुढचं औषध त्याला फार जड गेलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. एका दुपारी म्हणाला, "अजून तीन वेळा जायचंय. नाही गेलो तर?" मी कपड्यांच्या घड्या करत होते. याचं उत्तर ज्याच्यापाशी मागावं असं कुणी आम्ही शिल्लक ठेवलं नव्हतं. मी त्याचा सदरा छातीशी धरून तशीच बसले. सदऱ्याला आता कारखान्याचा वास येत नव्हता.

त्याच आठवड्यात एका सकाळी जिन्यात गडबड ऐकू आली. दार उघडलं तर सासरे उभे. धोतर, डोक्यावर टोपी, हातात काथ्याने बांधलेलं गाठोडं, अंगाला एस.टी.च्या रात्रीच्या प्रवासाचा वास. त्यांच्यामागे समोरच्या वहिनी, चेहरा पांढराफटक. त्यांनी पत्ता विचारणाऱ्या म्हाताऱ्याला आपण कोण असं विचारलं होतं आणि त्याने खरं ते सांगितलं होतं.

झालं होतं असं, की वरच्या मजल्यावरचे गृहस्थ जत्रेसाठी मालवणकडे गेले होते आणि आमच्या गावात दोन शब्द सांत्वनाचे बोलायला म्हणून आमचं घर विचारत गेले. अंगणात नारळ सोलत बसलेल्या सासऱ्यांनाच त्यांनी विचारलं. सासरे आधी खूप हसले म्हणे. मग मुलाच्या तासलेल्या डोक्याचं ऐकलं आणि त्यांनी कोयता खाली ठेवला. मी जिवंत, त्याची आई जाऊन इतकी वर्षं झाली, मग पोराने मुंडण कशाला केलं? एवढा एकच प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि रात्रीची गाडी धरली.

ते आत आले. खाटेवरचा मुलगा उठून बसला.

"मी कधी मेलंय रे?" सासऱ्यांनी विचारलं.

सासरे त्याच्याजवळ बसले आणि त्या गुळगुळीत डोक्यावरून त्यांनी तळहात फिरवला, पुढून मागे, मानेवरच्या चौकोनापर्यंत. नारळाच्या सालीने खरखरीत झालेल्या त्या हाताचा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. मग ते हळू आवाजात, पण हिशेब स्पष्ट करावा तसे म्हणाले, "ह्या डोक्यार हक्क माझो. माझ्या वेळेक पुरे केस व्हयेत."

नवरा लहान मुलासारखा त्यांच्या खांद्यावर कोसळला. औषधाला जायचं की नाही, हा प्रश्न त्यानंतर आमच्या घरात कुणी काढला नाही.

दारात वहिनी उभ्याच होत्या. खरं काय ते त्यांना सांगितलं तेव्हा त्या रडल्या नाहीत, चिडल्या. "दहा दिवस पिठलं गिळलंत, आणि तोंडातनं एक शब्द फुटला नाही?" असं म्हणून ताडताड निघून गेल्या. थोड्या वेळाने चहाची किटली घेऊन परत आल्या. पुढच्या प्रत्येक खेपेला इस्पितळात माझ्याबरोबर इमारतीतलं कुणी ना कुणी असे.

सासरे वसंत संपेपर्यंत राहिले. या वेळी त्यांनी काहीच सोडलं नाही. गाठोड्यातून कुळथाचं पीठ, आमसुलं आणि सुके बांगडे निघाले. ते मुलाच्या समोर पाट मांडून बसत, बांगडा भाजून घेत आणि चवीचवीने, बोटं चाटत जेवत. जेव म्हणून त्यांनी त्याला कधी आग्रह केला नाही. पण त्यांचं ते जेवण पाहता पाहता त्याचा हात आपोआप ताटाकडे जाई. कुळथाच्या पिठीला मी लसणीची फोडणी दिली तेव्हा त्याने फक्त मान वर करून वास घेतला. मासेवाली म्हातारीही पुन्हा थांबू लागली. वारलेला माणूस स्वतः भाव करतो म्हणून ती त्यांना मुद्दाम चढा भाव सांगे.

पावसाळा सरता सरता केस आले. आधी मऊ, जावळासारखे, मग दाट, आणि पूर्वी नव्हते असे किंचित कुरळे. गाठ पुन्हा आली नाही.

सासरे गेले ते नव्वदचं दशक संपताना, पिकल्या वयात, आपल्या अंगणात. नव्यानेच सुरू झालेल्या कोकणच्या गाडीने आम्ही पनवेलहून गेलो. दहाव्याला व्हाळाच्या काठी न्हावी बसला. पाण्याला त्या सकाळी चुलीतल्या राखेचा रंग होता. ते दाट, कुरळे, थोडे पिकलेले केस ओल्या दगडावर पडत होते आणि नवरा मान खाली घालून, अगदी शांतपणे, ज्याचं होतं ते त्याला देत होता. मी रडत होते. त्या रडण्यात दुःखाखेरीज आणखी काय होतं, ते मी तिथल्या बायकांना सांगू शकले नसते.

कळंबोलीला परतलो तेव्हा समोरच्या वहिनी जिन्यातच भेटल्या. त्यांनी त्याचं डोकं पाहिलं, मिशी नसलेला ओठ पाहिला, आणि त्यांच्या हातातली भाजीची पिशवी खाली आली. एक हात कठड्यावर गेला. मला त्यांची भीती जिन्याच्या दोन पायऱ्या खालूनही दिसली.

"नाही वहिनी," नवरा घाईने म्हणाला, "या वेळी खरंच बाबा."

"देवा, बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

तो हसला. मग रडला. वहिनींनी खाली सांडलेले कांदे गोळा केले, पदराने डोळे पुसले आणि दार उघडता उघडता मागे न पाहता सांगितलं की चूल पेटवू नका.

तासाभराने लसणीचा वास आला.