सोबत कोणी आहे का?

मित्रहो, आज बोईसरला डोळ्यांच्या मोफत लेसर शिबिरात नोंदणीच्या टेबलावर मी होतो. डोळ्यांत औषध घातल्यावर काही तास नीट दिसत नाही. मागच्या शिबिरानंतर एक आजोबा रस्त्यात पडले होते. म्हणून सोबत माणूस नसेल, तर रुग्णाला आत सोडायचे नाही, हा नियम मीच लिहिला.

आज डोंगराकडच्या पाड्यावरून एक आजी एकट्याच आल्या. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात बसवलेल्या भिंगामागचा पापुद्रा धुरकटला होता. लेसरने पाच मिनिटांचे काम. मुलगा कुंभवलीच्या कारखान्यात, पाळी सोडून येऊ शकत नव्हता.

रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "लिवा भाऊ, मी हाय हिची बहीण."

"बहिणीचे नाव काय?"

"ते तुमच्याच कागदावर हाय ना, वाचा की!"

सगळे हसले. पण त्या स्वतःच रुग्ण होत्या. मी नकार दिला.

आजी शांतपणे म्हणाल्या, "आता तरी मला कुटं दिसतंय? तशीच आली ना एकली?"

टेबल सोडून त्यांना घरी पोहोचवता येत नव्हते आणि खोटे नाते लिहिता येत नव्हते. आजी भिंत चाचपत फाटकाबाहेर गेल्या. त्यांनी एकटे जाऊ नये म्हणून केलेल्या नियमानेच मी त्यांना एकटे पाठवले. संध्याकाळी शिबिरासाठी आणलेले लेसरचे यंत्रही परत गेले.

त्या घरी पोहोचल्या का, हे विचारायला मुलाला फोन करतो आहे. तो उचलत नाही. माझ्या जागी तुम्ही काय केले असते?