चादर झटकताना

चादर विकायची असेल तर ती झटकावी लागते. घडीतली चादर गिऱ्हाईक हातात धरतं, किंमत विचारतं आणि पुढच्या दुकानात जातं. तीच चादर दोन टोकं धरून हवेत फेकली, फट् असा आवाज काढला आणि गादीवर पसरली, की समोरची बाई निम्मी पटलीच म्हणून समजा. सोलापुरात नवी पेठेत आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. आमचे हे गेल्यापासून मीच बघते. आमच्याकडचे जुने सेल्समन नवनाथ या झटकण्यात वस्ताद आहेत. केस पिकले, पण हात अजून तसाच चालतो.

आणि अशा दुकानाच्या दारात मी वॉचमन कोण आणून बसवला, तर ज्याला चादर झटकलेली बघवत नाही असा माणूस. देव कुणाची गाठ कुणाशी घालेल, सांगता येत नाही.

हिंदुराव फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. स्टुलावर बसले की बसले. माशी बसली तरी हात हलत नाही. एकदा एका गिऱ्हाइकाच्या मुलीने 'आई, हा पुतळा आहे का गं?' म्हणून विचारलं. पुतळ्याने हळूच डोळा मिचकावला आणि पोरगी किंचाळत आईच्या पदराआड गेली. दिवसभर मी त्यावरून हिंदुरावांना छळलं. ते हसले नाहीत, पण मिशी थोडी हलली. त्यांच्या बाबतीत तेवढं पुष्कळ असतं.

मात्र नवनाथांनी चादरीची दोन टोकं धरली की हिंदुराव तोंड रस्त्याकडे फिरवणार. रोज, दरवेळी. मला वाटलं, सुताच्या कचऱ्याचा त्रास असेल. मी त्यांना ओवा-कापराची पुरचुंडी करून दिली. त्यांनी ती मुकाट्याने हुंगली आणि खिशात ठेवली. पुढच्या चादरीला पुन्हा तोंड रस्त्याकडे.

नवल याचं, की हा माणूस चादरीतच वाढलेला. वडील करमाळ्याकडच्या खेड्यातून सोलापुरात मागावर कामाला आले. आई नागूबाई त्याच कारखान्यात काठ शिवायची आणि धुतलेल्या चादरी गच्चीवर वाळत टाकायची. लहानगा हिंदुराव खालून टोकं ओढून सारखी करायचा. हे त्यांनीच मला सांगितलेलं. बायको लवकर गेली. घरात आता ते आणि त्यांची मुलगी सृष्टी, दोघंच.

सृष्टी कॉम्प्युटरच्या कॉलेजात शिकते. तिथून सुटली की आमच्या दुकानात येते, कारण आमचं वायफाय तिच्या घरापेक्षा बरं. गादीच्या कोपऱ्यात मांडी घालून ती मोबाईलवर बंदुकीचा खेळ खेळते. त्यात ती स्नायपर असते, म्हणजे लांबून लपून नेम धरणारी. तिचा एक चॅनेल आहे, त्यावर ती खेळते आणि बाकीची पोरं बघतात. दुसऱ्याला खेळताना बघत बसायचं, यात काय सुख आहे ते मला अजून कळलेलं नाही. पण पोरगी गुणाची. दुकानात गर्दी झाली की मोबाईल ठेवून चादरींच्या घड्या घालायला उठते.

बापाला तिच्या खेळाची भारी गंमत वाटायची.

"ही बघा वैनी, पळतीया बंदूक घिऊन! आमी असं पळालो असतो तर साहेबानं तितंच पुरला असता. आमी नुसतं पडून ऱ्हायाचो. मुंग्या अंगावरनं जायाच्या, हलायचं न्हाय. ह्यो खेळ काढला तर कोन खेळंल?"

"कुणीच नाही, पप्पा. दोन मिनिटांत सगळे झोपतील."

"झोपलं की मेलं," असं म्हणून ते मिशीत हसायचे.

खेळात एक गोष्ट होती. लांबचा नेम बरोबर बसला की पडद्यावर सगळं सावकाश होई आणि सुटलेल्या गोळीच्या मागोमाग आपणही चाललोय असं दाखवत. हवा कापत जाणारी गोळी आणि तिच्यामागे एक रेघ. ते आलं की हिंदुरावांचं हसणं जागच्या जागी थांबायचं. "चा घिऊन येतो," म्हणत ते उठायचे. मी मनात म्हणायची, सगळा खेळ खोटा, मग हा माणूस एवढ्यालाच का उठतो?

मग ते पुस्तक आलं.

हिंदुरावांचे फौजेतले जोडीदार, नातेपुत्याचे सुभेदार अभिमन्यू, यांनी आपल्या आठवणींचं पुस्तक छापलं आणि सहीसकट एक प्रत पाठवून दिली. स्नायपर एकटा नसतो, जोडी असते, हे मला त्यातून कळलं. एक गोळी मारतो. दुसरा मोठ्या दुर्बिणीतून बघतो, अंतर सांगतो, वारा सांगतो आणि 'मार' म्हणतो. अभिमन्यू मारणारे. हिंदुराव बघणारे.

सृष्टीने ते एका बैठकीत वाचलं आणि दुकानात येऊन मला मोठ्याने वाचून दाखवलं. सीमेपलीकडच्या चौकीतून आपल्या एका जवानाला पाणी आणायला गेला असताना मारलं होतं. त्याचं उत्तर द्यायचं होतं. मधली दरी नुसती दगडांची, 'गवताची काडीसुद्धा उगवत नाही अशी', आणि वारा ओळखायला कसलीच खूण नाही. तरीही हिंदुरावाने वारा असा अचूक सांगितला, की जणू तो त्याच्या घरचा होता. एकच गोळी.

"काकू, घरचा वारा! माझे पप्पा!" सृष्टीचे डोळे भरून आले होते. लहानपणापासून वर्षातून एकदा घरी येणारा, न बोलणारा बाप तिला पहिल्यांदा पुस्तकात भेटला होता. "पप्पा, माझ्या चॅनेलवर या. एकदाच. नुसतं एवढंच सांगा, वारा कसा ओळखलात?"

"गवतावरनं," हिंदुराव म्हणाले. मग स्टूल उचलून थेट फूटपाथवर नेऊन बसले.

आता मी काही फार हुशार बाई नाही, पण गिऱ्हाईक खोटं बोललं की मला कळतं. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली, पेठ सुस्तावली, नवनाथ जेवायला गेले. मी एक चादर काढली आणि मुद्दाम त्यांच्यासमोर दोन टोकं धरली.

"हिंदुराव, आज सांगा. नाहीतर झटकते."

त्यांनी माझ्या हातातल्या चादरीकडे बघितलं. मला वाटलं, चिडतील. पण ते माझ्या पायाशी गादीच्या कडेला बसले आणि म्हणाले, "ठिवा ती खाली, वैनी. सांगतो."

मी खाली बसले आणि चादर मांडीवर घेतली.

"तितं गवात नव्हतं. झाड न्हाय, धूर न्हाय. आमी पडून हुतो. वारा कळंना. सकाळी पल्याडच्या चौकीतनं एक शिपाई भाईर आला. हातात चादर. जाड, सुती, आपल्या हितल्यावानी. त्यानं झटाकली आन् दोरीवर टाकली." ते थांबले. "अशी चादर किती वाऱ्यात किती उचालती, हे मला कोनी शिकवायला लागतंय व्हय? सारं ल्हानपन गच्चीवर गेलं माझं. तिचं खालचं टोक हललं आन् मला कळलं. त्याच्याच चादरीवरनं मी वारा सांगितला, वैनी."

मी मांडीवरच्या चादरीवरचा हात काढून घेतला.

"मारनाऱ्याला बरं असतंय. बंदुकीचा धक्का बसतो, डोळा हलतो. बघनाऱ्याचा हलत न्हाय. गोळी जाताना हवंत रेघ उठती, ती बी दिसती. त्यो चादरीची टोकं सारकी करत हुता. आमची आई करायची तशी. खाली पडला तवा चादर बी संगट आली."

"तुमच्या जवानाला मारणारा तोच होता का?"

"त्या चौकीतला हुता. ह्याच्यापरास जास्त कुनाला ठावं न्हाय." त्यांनी तळवा गुडघ्यावर घासला. "अभिमन्यूला मी कदी सांगितलं न्हाय कशावरनं वळाकलं. त्यानं मनानं छान लिवलंय. लिवू द्या. पर सृष्टीला कळाय नगं. रोज सकाळी गच्चीवर ती चादरी झटाकती, गानी म्हनत. मी खाली उभा ऱ्हाऊन ऐकतो. आमच्या घरात एका मानसाला तरी चादर नुसती चादर वाटू दे."

मी शब्द दिला. दिला आणि पाळलाही. माझ्या तोंडून एक अक्षर बाहेर गेलं नाही, हे इथे स्पष्ट सांगते.

पुढच्याच महिन्यात सृष्टीच्या खेळाची मोठी स्पर्धा होती. शेवटची फेरी ती आमच्या दुकानातूनच खेळली. नवनाथ गिऱ्हाईक सोडून तिच्या मागे उभे, मीही चष्मा सावरून वाकलेली. हिंदुराव दारात होते, पण लक्ष आत होतं. पोरगी जिंकावी असं त्यांनाही वाटत होतं.

या फेरीत खेळात नव्याने वारा घातला होता. सगळ्यांचे नेम चुकत होते. सृष्टीची जोडीदार पुण्याची कुणी मुलगी होती. ती मारणार आणि सृष्टी सांगणार. पडद्यावर एक ओसाड गाव. मातीची घरं. एका घराच्या छपरावर दोरी होती आणि दोरीवर कपडे.

"थांब," सृष्टी कानातल्या माईकमध्ये म्हणाली. "दोरी बघ. ती जाड चादर आहे. खालचं टोक तेवढंच उचलतंय. वारा उजवीकडून, हलका. थोडी डावीकडे सरकेल गोळी, तेवढं सांभाळ. हां... मार."

पडद्यावर सगळं सावकाश झालं. ती रेघ लांबवर जात राहिली आणि मग नवनाथांनी आनंदाने टाळीच वाजवली.

सृष्टी ताडकन उठली. "पप्पा! बघितलंत? चादरीवरून कळलं मला! अहो, सोलापूरची पोरगी आहे मी, मला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

हिंदुराव दारात उभे होते. त्यांचा चेहरा मी बघितला. आपण पुरलेलं प्रेत कुणीतरी उकरून घरात आणून ठेवावं, तसा तो चेहरा होता.

"शाब्बास," ते म्हणाले. म्हणता म्हणता त्यांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं.

सृष्टीचं हसू हळूहळू उतरलं. ती बापाकडे बघत राहिली. पोरगी हुशार. तिने ते पुस्तक पाठ होईपर्यंत वाचलेलं होतं, 'गवताची काडीसुद्धा उगवत नाही' यासकट.

"पप्पा," ती हळू आवाजात म्हणाली, "तिथं गवत होतं ना?"

"व्हय की," हिंदुराव म्हणाले. "लई हुतं."

तिने पुढे काही विचारलं नाही. नवनाथांनी पेढे आणले, तिने एक खाल्ला. बाप-लेक नेहमीसारखे एकाच स्कूटरवरून घरी गेले. मी देवाला हात जोडले, म्हटलं, टळलं बहुतेक.

दुसऱ्या दिवशी अक्कलकोटकडचं मोठं गिऱ्हाईक आलं होतं. काशम्मा नावाची बाई, लेकीच्या लग्नाच्या चादरी घ्यायला. सृष्टी कॉलेजातून आली होती, पण मोबाईल तिने बाहेर काढला नव्हता. हिंदुराव स्टुलावर होते. नवनाथांनी ठेवणीतली चादर काढली, दोन टोकं धरली आणि हात वर उचलले. हिंदुरावांनी सवयीने तोंड रस्त्याकडे वळवलं.

आवाज झालाच नाही.

सृष्टीने पुढे होऊन चादरीची खालची टोकं धरली होती. "नवनाथकाका, झटकू नका," ती म्हणाली. "नुसती पसरा."

नवनाथ गोंधळले. माझ्याकडे बघू लागले. मी मान हलवली. दोघांनी मिळून ती चादर काशम्मापुढे अलगद पसरली आणि सृष्टीने खाली वाकून चारही टोकं सारखी केली.

फट् झालं नाही म्हणून हिंदुराव वळले. त्यांनी चादर बघितली आणि मग लेकीचे हात. ती मान खाली घालून बसली होती. स्टुलावर बसून ते त्या पसरलेल्या चादरीकडेच बघत राहिले, या दुकानात लागल्यापासून पहिल्यांदाच.

काशम्माने चादर घेतली. न झटकता विकली गेलेली आमच्या दुकानातली ती पहिली चादर. सकाळी गच्चीवर आता गाणं ऐकू येत नाही, असं हिंदुराव मला परवा म्हणाले.