चौथ्या एपिसोडमध्ये माझा भाऊ

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी बोईसरजवळच्या सरावलीतल्या आमच्या छोट्या घरात टीव्हीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती... कारण टीव्हीवर माझा धाकटा भाऊ हर्षल दिसणार होता.

हर्षल फुटबॉल खेळतो. म्हणजे, खेळायचा... एका मोठ्या क्लबमध्ये लेफ्ट बॅक होता, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू. क्लब सारखा हरायला लागला, नवा कोच आला, टीम नव्याने बांधायची ठरली आणि त्या अख्ख्या सीझनचं शूटिंग होऊन डॉक्युमेंटरी सिरीज निघाली. क्लबचं नाव लिहीत नाही. माझं त्यांच्याशी भांडण नाही.

माझं माहेर तारापूरच्या बाजूला, किनाऱ्यावर. बाबा गेल्यावर बोट विकली, आता आई बोईसरच्या बाजारात सुकी मच्छी घेऊन बसते. हर्षल सीझनच्या मध्येच घरी परतला तेव्हा म्हणाला, गुडघा दुखावलाय, बरा झाला की क्लब परत बोलावणार.

आईने तेच सगळ्या गावाला सांगितलं. रोज संध्याकाळी ती तेल कोमट करून त्याचा गुडघा चोळायची... आणि तो चोळू द्यायचा. मलाही यापेक्षा जास्त काही माहीत नव्हतं.

तर त्या रविवारी आई ठेवणीतली साडी नेसून आली. शेजारच्या भाभी आल्या, मिस्टरांच्या कंपनीतले दोघं आले. हर्षल मात्र दाराजवळ बसला... "ताई, मी असलो तर दोन सेकंद असेन," एवढंच बोलला.

पहिले तीन एपिसोड तसेच गेले. मागून पळताना, बसमधून उतरताना, एकदा नुसती पाठ. प्रत्येक वेळी भाभी टाळ्या वाजवायच्या, "अरे, भैया दिखे!" आणि आई पदर सावरून बसायची.

चौथ्या एपिसोडमध्ये एक केबिन दाखवली. टेबलापलीकडे नवा कोच, अलीकडे हर्षल, क्लबचं जॅकेट घालून. कोच हळू आवाजात इंग्रजीत बोलत होता. हर्षल मान हलवत होता. शेवटी हसला, म्हणाला, "ओके सर... थँक्यू सर."

मला पहिल्याच वाक्यात कळलं होतं, त्यापुढचं माझ्याही कानात शिरलं नव्हतं. मिस्टरांनाही कळलं, त्यांनी रिमोटकडे हात नेला आणि तसाच थांबवला. भाभींनी सवयीने टाळ्या वाजवल्या... मग आमची तोंडं बघून मध्येच बंद केल्या.

आईला इंग्रजी येत नाही. तिने मला विचारलं, "काय बोलतो तो सायब?" मी टीव्हीकडे बोट केलं.

पुढच्या शॉटमध्ये हर्षल केबिनमधून निघाला, खांद्यावर मोठी बॅग घेतली आणि जिना उतरला. दोन-दोन पायऱ्या एकदम टाकत, धडाधड... कॅमेऱ्यापासून सुटायचं असल्यासारखा. मागे म्युझिक सुरू झालं आणि नवा लेफ्ट बॅक विमानतळावरून बाहेर येताना दिसला, गळ्यात हार.

"याचा गुडगा तर बरा हाय," आई म्हणाली.

ती टीव्हीकडेच बघत होती. मग दाराकडे वळली. "काडला तुला?"

हर्षलने मान डोलावली. आईने पुढचं विचारलं ते अगदी हळू... "मंग हसत कशाला होतास?"

"समोर कॅमेरा होता, आई."

"काय केलास तू? काय चुकला तुझा?"

"म्हाईत नाय," तो म्हणाला. आईशी बोलायला लागला की तो पुन्हा गावचंच बोलतो. "तेच इचार करतोय कवापासून. म्हाईत नाय."

मिस्टरांनी टीव्ही बंद केला. आणलेली जिलबी तशीच राहिली. आई उठून मोरीत सगळ्यांचे कप धूत बसली, धुतलेले परत धूत... आणि हर्षल तिच्यामागे उभा राहून एकेक कप पुसत होता.

दुसऱ्या दिवशी बाजारात कोणीतरी नेहमीसारखं विचारलं, पोराला कधी बोलावतात क्लबवाले? आई म्हणाली, "काडला त्याला. आता घरी हाय." पुढचं गिऱ्हाईक आलं, तिने बोंबील मोजून दिले. मी शेजारीच उभी होते. त्या दिवसापासून तेल कोमट करणंही थांबलं.

आता हर्षल एमआयडीसीत एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर लागलाय, तिथेच जवळ खोली घेऊन राहतो. परवा सेकंड शिफ्टच्या आधी माझ्याकडे जेवायला आला आणि म्हणाला, "ताई, ते केबिनचं परत लाव. पहिल्या वाक्यानंतर तो काय बोलला, मला ऐकूच आलं नव्हतं. त्या रविवारीही नाही."

लावलं. कोच म्हणत होता, आम्हाला वेगळ्या प्रकारे खेळायचंय, त्यात तुझी जागा बसत नाही. तुझं काहीही चुकलेलं नाही, हे लक्षात ठेव.

हर्षलने मागे घेऊन तेवढंच पुन्हा ऐकलं. मला खरंच वाटलं, आता याच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. मी म्हटलंही, "बघ... तुझी चूक नव्हतीच."

त्याने भात कालवला. मग म्हणाला, "चूक असती तर सुधारली असती गं."

ताटातला भात संपवला, हात धुतला आणि कामावर गेला.

सिरीज खूप गाजतेय. शेवटच्या एपिसोडमध्ये टीम जिंकते म्हणे, बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं म्हणे... येत असेल. आमच्या घरात अजून कोणी तो लावलेला नाही. पण रोज शिफ्ट सुटल्यावर हर्षल आईला फोन करतो, आणि गुडघ्याचं खोटं आता दोघांपैकी कोणालाच बोलावं लागत नाही... सध्या मला तेवढंही पुष्कळ वाटतं.