नाक बांधून केलेली बाग

वासाच्या पानांच्या चाळीस कुंड्या दारात, आणि त्यांतल्या एकाही पानाचा वास जन्मात घेतलेला नाही, असा माणूस सबंध निजामी मुलखात एकच होता. तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघावा, याचा संताप मला आजही येतो. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. बीदरच्या कचेरीतून वजीफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर, निघाल्यावर हा गृहस्थ चार लोकांसारखा ओट्यावर पान खात बसेल, तर नाही. हैदराबादेतल्या कुठल्याशा गोऱ्या साहेबाच्या माळ्याकडून त्यांनी जिरेनियमची एक फांदी ओल्या फडक्यात बांधून आणली. तिला फुलं यथातथाच. सगळा कारभार पानांचा. पान जरा चुरगळलं की कुणाला गुलाबाचा वास यायचा, कुणाला लिंबाचा. अप्पांनी तिचं नाव ठेवलं विलायती मरवा. फांदीच्या कुंड्या झाल्या, आणि त्या सगळ्या त्यांनी देवाच्या पत्रीसाठी राखून ठेवल्या. इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही.

पण वास घेतलेलं फूल-पान देवाला चालत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून आपण वाहायचं तेवढं हुंगत नाही आणि बाकीच्याची मजा घेतो. अप्पांना 'बाकीचं' असं काही मान्यच नव्हतं. चाळीसच्या चाळीस कुंड्या देवाच्या! उपरण्याने नाक बांधून ते कुंड्यांतून फिरत आणि पानाला बोट लागू नये म्हणून अडकित्त्याने देठ कातरत. "देवाला निवद दाखवायच्या आधी आपण जेवतो व्हय?" असं वर मलाच विचारत. त्यातून कुणी चुकून पान हुंगलंच, तर अख्खी कुंडी उचलून त्याच्या हातात देत, कारण झाड उष्टं झालं. एकदा एक मोठे अंमलदार भेटीला आले आणि बोलता बोलता त्यांनी पान चोळून नाकाला लावलं. "साब, ये झाड अब आपकाइच है," म्हणत अप्पांनी ओली कुंडी त्यांच्या शेरवानीला टेकवली. पुढे गल्लीतले लोक मुद्दाम हुंगायला यायला लागले. माझ्याच घरी तीन कुंड्या जमल्या. मी काही संत नाही.

आणि या सगळ्या झाडांना विहिरीचं पाणी शेंदून घालणाऱ्या माझ्या मावशीला वीस वर्षांत एक पान मिळालं नाही! मी माझ्या कुंडीतलं पान रुमालात बांधून तिच्याकडे नेलं, तर तिने हातही लावला नाही. "लोकाच्या घरचं कामून हुंगू? पाणी मी घालायलेय. द्यायचं तर ह्यांनी द्यावं," म्हणाली. बरं, तोंड उघडून मागायची तीही नाही. असल्या जोडप्यापुढे शहाण्या माणसाने डोकं तरी कुठे आपटावं?

मग एका पावसाळ्याच्या शेवटी मावशीला तापाने धरलं. हकीम नाडी पाहून औषध न देताच निघून गेला. शुक्रवार, माझ्या निजामी कचेरीला सुट्टी, म्हणून मी तिच्या उशाशी होतो. अप्पा बाहेर देवासाठी पानं कातरत होते! माझा तोल गेला. "अप्पा, एका पानावाचून देव काही उपाशी मरत न्हाई," मी ओरडलो, "ही मात्र मरायलीय!" त्यांच्याशी मी असा कधी बोललो नव्हतो.

अप्पांनी सगळ्यात जुनी कुंडी खाटेपाशी आणून ठेवली, एक पान तोडलं, बोटांनी चोळलं आणि मावशीच्या नाकाशी धरलं. तिने डोळे मिटून श्वास ओढला.

"आता ह्ये झाड माझं झालं न्हवं?"

"तुझंच की."

"मग देवाचं राह्यलं न्हाई. तुम्ही बी घ्या वास."

अप्पांनी नाकावरचं उपरणं सोडलं आणि तेच पान स्वतःच्या नाकाशी नेलं. मग म्हणाले, "बरं हाय की."

वीस वर्षांनी एवढंच! मी काहीतरी खमकं बोलणार होतो, पण मावशी हसत होती. चार दिवसांनी ती गेली. त्या हसण्यापुरतं मी अप्पांना माफ केलं आहे. वीस वर्षांचं मात्र अजून केलेलं नाही.